दावाग्निप्राशन : मिटलेले डोळे

भगवंताच्या लीळेत ऐश्वर्य असते, परंतु ते खेळाच्या आवरणाखाली असते. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील एकोणिसावा अध्याय या दृष्टीने मननीय आहे. गोपाळ खेळात रमले असता गाई चरत चरत मुंजवनात शिरल्या. श्रीकृष्णांनी त्यांना नावे घेऊन हाक मारली. तोच चहूंकडून वणवा पेटला. गोपाळ शरण आले. भगवंतांनी त्यांना अभय दिले आणि डोळे मिटण्यास सांगितले. त्यांनी डोळे मिटताच भगवंतांनी तो अग्नी मुखाने प्राशन केला. डोळे उघडून पाहतात तो सर्वजण भांडीर वटापाशी सुखरूप!

हिमालयाच्या पायथ्याच्या पहाडी संस्थानांतील चित्रकारांनी हा प्रसंग लघुचित्रांत रंगविला आहे. गुलेर येथील पंडित सेऊ यांचे पुत्र माणकू व नैनसुख हे या कलेचे श्रेष्ठ आचार्य. माणकूने इ. स. १७४० च्या सुमारास भागवताची विस्तृत चित्रमालिका केली. पुढे राजा संसारचंद (राज्यकाल १७७५ ते १८२३) यांच्या आश्रयाने कांगड्यात ही कला बहरली. हातात धरून पाहण्याएवढा तो कागद. त्यावर खारीच्या केसांच्या कुंचल्याने ज्वाळांचे कडे, एकमेकींस बिलगलेल्या गाई, अग्नी प्राशन करणारे श्रीकृष्ण आणि हातांनी डोळे झाकलेले गोपाळ चितारलेले असतात.

येथे अशी शंका येते की, गोपाळांनी जे पाहिले नाही, ते चित्र पाहणाऱ्यास दिसते. तर मग अधिक भाग्याचा कोण? याचे समाधान असे : भाग्य गोपाळांचेच. चित्रातील अग्नीस दाह नाही. तो पाहण्यास धैर्य लागत नाही. गोपाळांच्या अंगास मात्र आच लागत होती. अशा वेळी जीव पळू पाहतो, निदान संकट किती जवळ आले हे तरी पाहू इच्छितो. त्यांनी तेही सोडले. लीळा पाहण्याची इच्छाही त्यांनी आज्ञेस अर्पण केली.

चित्रकाराने हे जाणले असावे. म्हणूनच त्याने अग्नी जितक्या आस्थेने रेखाटला, तितक्याच आस्थेने ते झाकलेले डोळेही रेखाटले. चित्र म्हणजे देव नव्हे. कागद व रंग हे जडच होत. पाहणारा रंगाच्या शोभेपाशीच थांबला, तर त्यास केवळ कौतुक लाभले. त्या चित्राच्या निमित्ताने लीळेचे स्मरण झाले, तर पाहणे सार्थकी लागले. परंतु स्वतःच्या संसारात वणवा पेटेल त्या दिवशी या गोपाळांप्रमाणे वागता येते की नाही, हीच त्या स्मरणाची खरी परीक्षा होय.