बाराबंदीचं पांढरेपण

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या पहिल्या दिवशी नंदीध्वज उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात, तेव्हा जानेवारीचं ऊन अजून तिरपं असतं. सात नंदीध्वज, ते पेलणारे आणि मागेपुढे चालणारे हजारो पुरुष. सगळ्यांच्या अंगावर पांढरी बाराबंदी. 68 लिंगांना तैलाभिषेक करत ही पांढरी रांग गावभर फिरते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कॅमेऱ्यात काळ्यापांढऱ्या फिल्मचा रोल घालून त्या गर्दीत उतरलो. छत्तीस फोटो काढले. रोल धुऊन छापले, तर एकाही फोटोत बाराबंदी पांढरी नव्हती. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर धुरळा बसावा तशी ती करडी झाली होती आणि चेहऱ्यांच्या जागी नुसते काळे डाग होते.

चूक माझी होती. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. पडलेल्या उजेडातला 18 टक्के परत फेकणारं करडं. त्याला पांढरं दाखवा, तो करडं करतो. काळं दाखवा, तेही करडंच करतो. भर उन्हातली बाराबंदी पांढरी यायची तर मापकाचं न ऐकता दीड-दोन स्टॉप जास्त उजेड आत घ्यावा लागतो. तसा घेतला की फेट्याच्या सावलीतल्या चेहऱ्यालाही डोळे-नाक येतं. पुढच्या जानेवारीत मी तसं केलं. त्या फोटोंपैकी एक अजून माझ्या टेबलासमोर आहे. त्यात खांद्याच्या शिवणीपाशी घामानं ओला झालेला कापडाचा तुकडा कोरड्या भागापेक्षा जरासा गडद दिसतो. तेवढ्यावरून नंदीध्वजाचं वजन कळतं.

त्या दोन रोलांनी मला एक गोष्ट शिकवली. काळ्यापांढऱ्या फोटोत कुठला पांढरा किती पांढरा आणि कुठला काळा किती काळा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. ते ठरवण्यात आपला समाज पुरता उतरतो. जुन्या फोटो स्टुडिओंत मुलीचा 'दाखवायचा' फोटो छापताना एन्लार्जरखाली कागदाला उजेड थोडा कमी देत. उजेड कमी पडला की कागदावर चेहरा उजळ येतो. शिवाय निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करून गाल गुळगुळीत करत. किती घरांत आजीचा असा एक फोटो आहे, ज्यात ती आयुष्यात कधी नव्हती इतकी गोरी आहे! या कारागिरीचं कौतुक करताना तिनं काय पुसलं हेही मनात ठेवायला हवं. सोलापूरच्या उन्हात रापलेला चेहरा त्याच्या खऱ्या छटेत छापणं ही मला आजही न्यायाची बाब वाटते.

मग दुसरा प्रश्न येतो, तो जास्त अवघड आहे. जे गाव रंगांवर पोट भरतं, त्याचा रंग काढून घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल. 1877 साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, ती 'जुनी गिरणी'. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशी नावं जोडली गेली. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं येऊन स्थिरावली. त्यांच्यासोबत माग आले, रंगाच्या हौदांचं ज्ञान आलं. पूर्व भागातल्या एखाद्या बोळात डाळिंबी, मोरपंखी, हळदी सुताच्या लडी वाळत घातलेल्या पाहिल्या की आपण रंगांधळी फिल्म घेऊन इथे काय करतोय, असं मलाही वाटलेलं आहे.

हा आक्षेप सगळ्यांत ठामपणे मांडला तो रघुबीर सिंह यांनी. जयपूरकडचा हा छायाचित्रकार आयुष्यभर रंगीत फिल्मवर भारत टिपत राहिला. 'रिव्हर ऑफ कलर' हे त्यांचं पुस्तक 1998 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. भारतीय नजर रंगातच पाहते, काळंपांढरं छायाचित्रण आणि त्यातली उदासी हा पाश्चात्त्य मनाचा वारसा आहे, अशी त्यांची मांडणी होती. हा माणूस उगाच बोलणारा नव्हता. आपल्या लघुचित्रांतून, रांगोळीतून, पैठणीतून त्यांना पाठिंबा मिळतो. काळ्यापांढऱ्या फिल्मवर लाल आणि हिरवा शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच करड्यात विरघळू शकतात, हेही खरं. मी एकदा डाळिंबी जमिनीवर हिरवी नक्षी असलेल्या चादरीचा फोटो काढला, तर नक्षी जवळपास नाहीशी झाली. भिंगावर लाल फिल्टर चढवला की लाल उजळतो, हिरवा काळवंडतो आणि नक्षी परत येते. पण मग ती मी आणलेली नक्षी असते. त्याहून जुन्या फिल्मला तर लाल दिसतच नसे. म्हणून पणजीच्या कपाळावरचं कुंकू त्या काळच्या फोटोत काजळाच्या ठिपक्यासारखं दिसतं.

तरीही मी रघुबीर सिंहांशी शेवटपर्यंत सहमत होऊ शकलो नाही. कारण मला एका यंत्रमागाच्या शेडमध्ये सापडलं.

पत्र्याचं छप्पर, त्यात उजेडापुरती एक काच, खाली आठ माग. आवाज इतका की कामगार हातांच्या खुणांनी बोलतात. मी आधी रंगीत फोटो काढले. सगळ्या फोटोंत चादर होती. झगझगीत, ताजी, मागावरून उतरणारी. डोळा पहिल्यांदा तिच्याकडे जात होता आणि तिथेच थांबत होता. मग काळ्यापांढऱ्या रोलवर त्याच जागेवरून तेच काढलं. चादर करड्यात मागे सरली आणि जे डोळ्यासमोर असूनही मला दिसलं नव्हतं ते वर आलं: सुताचा भुरा. तो मागाच्या चौकटीवर, दिव्याच्या वायरवर, कोळिष्टकांवर होता. पन्नाशीच्या कामगाराच्या केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर होता. कामाची पाळी सुरू होताना काळे असलेले केस पाळी संपेपर्यंत पांढरे होतात, हे त्या शेडमध्ये मी कित्येकदा पाहिलं असणार. कळलं ते फोटोत. तोच भुरा छातीतही जात असणार, हा विचार त्यामागून आला. रंगीत फोटोत माल दिसला होता, काळ्यापांढऱ्यात माणूस दिसला.

तिथे मी शटर मुद्दाम मंद ठेवलं होतं. रघू राय यांचा चर्चगेट स्थानकाचा 1995 चा फोटो अनेकांनी पाहिला असेल: भोवतीची गर्दी धुक्यासारखी वाहते आहे आणि मध्ये एक माणूस स्थिर राहून वर्तमानपत्र वाचतो आहे. शेडमध्ये उलट हवं होतं. धोटा, फणी, सगळं हलतं पुसट व्हावं आणि तुटलेला धागा सांधायला वाकलेल्या माणसाची बोटं तेवढी थांबावीत. गाठ मारताना तो क्षणभर श्वास धरतो. तोच माझा क्षण. आठ प्रयत्नांत एकदा जमलं.

काळ्यापांढऱ्या फोटोत एक खोट मात्र आहे आणि ती रंगाच्या प्रश्नापेक्षा गंभीर आहे. हा शेडचा फोटो मी ओळखीच्या एका वाचनालयात लावला होता. बघणाऱ्यांपैकी निम्म्यांनी विचारलं, "हा गिरण्यांच्या काळातला का?" फोटो तीन महिन्यांपूर्वीचा होता. तो कामगार त्याच वेळी चार गल्ल्यांपलीकडे पाळीवर उभा होता. आपल्या डोळ्यांना इतकी सवय झाली आहे, की रंग गेला की काळही गेला असं वाटतं. म्हणजे आज राबणारा माणूस मी फ्रेममध्ये घालून भूतकाळात ढकलला. त्याच्या मजुरीबद्दल, त्याच्या खोकल्याबद्दल काही करण्याची गरज संपली, कारण तो आता 'जुन्या सोलापूरच्या आठवणी'त गेला. एकेकाळच्या गिरणगावाविषयी आपल्याला फार हळहळ वाटते आणि त्या हळहळीत आजचा मागवाला सहज बुडतो.

ही खोट टाळता येते, हे सुधारक ओलवे यांच्या कामावरून कळतं. अकोल्याकडून आलेल्या या छायाचित्रकारानं मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काळेपांढरे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, त्यांची घरं, त्यांची मुलं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंना कुणी 'जुनी मुंबई' म्हणत नाही. कारण ओलवे दुरून एक सुंदर छटा टिपून निघून जात नाहीत. ते घरापर्यंत जातात, पुन्हा जातात. एकाच माणसाचे अनेक फोटो शेजारी आले की तो आठवण म्हणून उरत नाही, तो कुणीतरी होतो.

मीही मग परत जायला लागलो. आणि फोटोच्या पाठीवर तारीख घालायला लागलो. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा गावानं हजारो मोबाइलमध्ये ती पडताना रंगीत टिपली. ते आवश्यकच होतं. तो पुरावा आहे. माझ्या वाट्याला मात्र ज्याची बातमी होत नाही ते काम आलं आहे.

त्यात विडी वळणाऱ्या बायका आहेत. पूर्व भागात दुपारी घराघरांच्या उंबरठ्यात त्या बसलेल्या दिसतात, कारण तिथे उजेड फुकट असतो. मांडीवर सूप, भिजवून कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. हजार विड्यांचा हिशोब आणि त्यातून निघणारी छाट. बाजूनं येणारा तो उंबरठ्यातला उजेड कुठल्याही स्टुडिओला मिळणार नाही. बोटांची एकेक सुरकुती वेगळी दिसते. अशाच एका अक्कांचा फोटो मी काढला आणि पंधरा दिवसांनी छापून नेऊन दिला. त्यांनी हात पदराला पुसले, फोटो उजेडात धरला आणि पहिलाच प्रश्न केला, "साडी कुठली ही?"

मला आठवेना. फोटोत अंग आणि काठ एकाच करड्याचे होते. मी तसं सांगितलं. अक्कांनी फोटो आणखी जवळ घेतला, काठावरून अंगठा फिरवला आणि सुनेला हाक मारून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. दोघी हसल्या. मग मला म्हणाल्या, "काठाला कोयऱ्या हायेत बघा. थोरलीच्या लग्नातली. डाळिंबी, काठ हिरवा. आता कामाला नेसते."

मी फोटो परत मागून घेतला आणि पाठीवर लिहिलं: डाळिंबी साडी, हिरवा कोयरी काठ, थोरलीच्या लग्नातली. खाली तारीख. अक्कांनी ते सुनेकडून वाचून घेतलं, मान हलवली आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं.