द्रव्य घेऊन सांगितले जाणारे अतींद्रिय ज्ञान

भविष्य सांगणाऱ्या, करणी काढणाऱ्या किंवा हरवलेली वस्तू मंत्राने शोधून देणाऱ्या एखाद्या बाबाविषयी उपदेशी मनुष्याला विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते. "असेल त्याच्याजवळ एखाद्या देवतेची शक्ती, आपल्याला तिचे काय करायचे?" हे उत्तर वरवर पाहता शास्त्रसंमत दिसते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार स्वतंत्र पदार्थांचे ज्ञान दिले. त्यांत देवता नित्यबद्ध असून त्यांची फळे नाशवंत आहेत. मोक्ष देण्याचे सामर्थ्य केवळ परमेश्वराचे आहे. तेव्हा देवतेच्या फळाकडे उपदेश्याने पाठ फिरवावी, हे योग्यच होय. परंतु या उत्तरात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवले गेले आहेत. अमुक बाबाजवळ शक्ती आहे काय, हा पहिला प्रश्न; आणि असल्यास ती साधकाच्या काय उपयोगाची, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर शास्त्राने दिलेले आहे. पहिल्याचे उत्तर मात्र त्या त्या माणसाकडेच मागावे लागते. ते न मागता "असेल" म्हणून पुढे जाणारा उपदेशी नकळत त्या बाबाचा साक्षीदार होऊन बसतो. शेजारी एवढेच ऐकतो की, पंथाची माणसेसुद्धा शक्ती आहे असे म्हणतात.

हा विचार पोथीपुरता नाही. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या लष्करी छावण्यांना १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगितला जातो. अंबरनाथला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवालय आहे आणि त्याच गावात संरक्षण खात्याचा कारखाना व औद्योगिक वसाहतही आहे. बदलापूर तर मुंबईत घर न परवडणाऱ्यांचे गाव झाले. घर एका टोकाला, चाकरी दुसऱ्या टोकाला, घराचा हप्ता चुकत नाही आणि नोकरीचा भरवसा नाही, अशा मनुष्याच्या डोळ्यांसमोर लोकलच्या डब्यात वीतभर कागद चिकटवलेला असतो. वशीकरण, मूठकरणी, गृहक्लेश, प्रेमविवाह, कोर्टकचेरी, नोकरी, सर्वांवर काही तासांत उपाय. खात्री शंभर टक्के नव्हे, एकशे एक टक्के. खाली दूरध्वनीचा क्रमांक. त्या वरच्या एका टक्क्याचा अर्थ काय, हे विचारण्याइतके स्वास्थ्य तो कागद वाचणाऱ्यापाशी उरलेले नसते. २६ जुलै २००५ रोजी याच पट्ट्यात पुराने हाहाकार झाला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. एकशे एक टक्क्यांवाल्यांपैकी कोणी आदल्या दिवशी लिहून ठेवलेला इशारा दाखवील काय?

"पण लोकांना अनुभव येतो," असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. अनुभव येतो हे खरेच आहे. तो कसा येतो एवढे पाहिले पाहिजे. समजा, कोर्टात दावा असलेली शंभर माणसे एका बाबाकडे गेली. बाबाने प्रत्येकाकडून पाचशे रुपये घेऊन "तू जिंकशील" असे सांगितले आणि काम न झाल्यास पैसे परत देण्याचे वचनही दिले. निम्मे जिंकले, निम्मे हरले. हरलेल्या पन्नासांना त्याने प्रामाणिकपणे पैसे परत दिले, तरी त्याच्या हातात पंचवीस हजार रुपये उरतात, आणि ज्ञान मात्र शून्य. हरलेला लाजेने गप्प बसतो. जिंकलेला गावभर सांगत सुटतो. पुढच्या वर्षी येणारे दोनशे जण त्या जिंकलेल्यांनीच पाठविलेले असतात. यात बाबाला खोटेसुद्धा फारसे बोलावे लागत नाही.

दुसरी युक्ती शब्दांची आहे. "तुमच्या मनात एक गोष्ट खूप दिवसांपासून सलते आहे, तुम्ही दुसऱ्यांसाठी झिजता पण यश मिळत नाही," हे वाक्य ज्याला लागू पडणार नाही असा मनुष्य अंबरनाथच्या फलाटावर शोधून सापडणार नाही. बर्ट्राम फोरर या अमेरिकी प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाच्या स्वभावाचे वर्णन म्हणून एकेक कागद दिला व तो किती जुळतो ते पाचांपैकी गुण देऊन सांगावे असे म्हटले. सरासरी ४.२६ आली. मग त्याने उघड केले की, सर्वांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून जुळविलेला होता. जत्रेतील पोपटवाल्याचे पाकीटही असेच सर्वांना बसते.

मग प्रमाण कशाला म्हणावे? ज्यात काय सांगायचे ते अगोदर ठरलेले आहे, सांगणाऱ्याला उत्तर कळण्याचा अन्य मार्ग बंद आहे, आणि चुकलेल्यांची मोजणी बरोबर आलेल्यांइतकीच काटेकोर आहे, त्यालाच. मूळचे केरळचे व श्रीलंकेत राहिलेले अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचे आव्हान दिले होते. त्यातील एक अट बंद पाकिटातील नोटेचा क्रमांक ओळखण्याची होती. १९७८ साली ते वारले तोवर ते पारितोषिक कोणी जिंकले नाही. अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने १९६४ साली स्वतःचे एक हजार डॉलर लावले. पुढे ती रक्कम दहा लाख डॉलरवर गेली, आणि २०१५ साली ते आव्हान मिटेपर्यंत अर्जदारांपैकी एकही जण प्राथमिक चाचणीसुद्धा उतरला नाही.

घरची कसोटी याहून बोलकी आहे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून दोनशे कुंडल्या तयार केल्या आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील चाळीस कुंडल्या पाठविल्या. कोणती कुंडली हुशार मुलाची व कोणती मतिमंद मुलाची एवढेच सांगायचे होते. एकावन्न जणांनी भाग घेण्याची तयारी दाखविली. उत्तरे पाठविली सत्तावीस जणांनी. नाणे उडवून सांगितले तरी चाळीसपैकी सुमारे वीस उत्तरे बरोबर यावीत. ज्योतिष्यांची सरासरी १७.२५ आली, सर्वांत चांगला गुण २४ होता. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या पाहिल्या, त्यांपैकी १०२ बरोबर निघाल्या. या चाचणीत उपहास कोणाचाही नव्हता, ज्योतिष्यांना वेळेचे बंधन जाचक नव्हते, आणि प्रश्न तर इतका स्थूल की कुंडलीत काही दिसत असेल तर ते दिसावेच.

कसोटी झालीच नाही तर काय म्हणावे, याचेही एक उदाहरण आहे. २०२३ च्या जानेवारीत अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी बागेश्वर धामाचे धीरेंद्रकृष्ण शास्त्री यांना नागपुरात तीस लाख रुपयांचे आव्हान दिले. शास्त्रींनी रायपुरास येण्याचे निमंत्रण दिले. दोघांची एका ठिकाणी गाठ पडली नाही. पोलिसांनीही गुन्हा ठरावा असे काही आढळले नसल्याचे कळविले. येथे शास्त्री हरले असे म्हणणे न्यायाचे नाही, आणि सिद्ध झाले असे म्हणणे तर मुळीच नाही. जे तपासले गेले नाही ते अनिर्णीत, एवढेच विवेकी मनुष्याने मनात धरावे.

"संशयाने पाहिले की शक्ती मागे सरते," असेही सांगितले जाते. भक्तीच्या प्रांतात या म्हणण्याचा विचार करता येईल. परंतु जो मनुष्य अगोदर दर सांगतो तो भक्तीच्या प्रांतात उभाच नाही. तो दुकानात उभा आहे. कापड घेणारा ते उजेडात नेऊन पाहतो म्हणून दुकानदार रागावत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हाच भेद धरून चालतो. अलौकिक शक्तीचा दावा करून लुबाडणाऱ्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन यांना त्याने हात लावलेला नाही. जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचा सल्लाही त्याने वगळला आहे. म्हणजे तेथे कायदा रक्षण करणार नाही, ज्याचा त्यानेच विचार करावयाचा आहे.

शास्त्राच्या अंगाने पाहिले तरी त्या जाहिरातीतील "खात्री" हा शब्द टिकत नाही. चैतन्यमायेपासून कर्मभूमीच्या देवतांपर्यंत सर्व देवता जीवाच्या कर्मानुसार फळ देतात. कर्मावाचून फळ देण्याची मोकळीक त्यांनाही नाही. मग पाचशे रुपये घेऊन फळाची हमी देणारा मनुष्य देवतांनाही नसलेले स्वातंत्र्य विकत असतो. सर्वज्ञ हे नाव पंथाने एकालाच दिले आहे. त्याच्या अनुयायांना नेमून दिलेला दिनक्रम अटन, विजन, भिक्षा व भोजन असा आहे. त्यात कोठेही ज्ञानाचा दर ठरविलेला नाही.

येथे स्वतःच्या घराकडेही पाहिले पाहिजे. भूतबाधा झाली असे म्हणून आणलेली माणसे महानुभावांच्या काही स्थानांवर महिनोन् महिने राहतात, ही गोष्ट बाहेरच्यांनीही नोंदविली आहे. विएडा स्कल्टन्स या मानवशास्त्रज्ञ विदुषीचा महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरावरील अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. आजाऱ्याची सेवा करण्यास आलेल्या घरच्या स्त्रियाच अवसरात जाऊन ते दुःख आपल्या अंगावर घेतात, असे त्यात दिसते. स्थानाला नमस्कार करणे, तेथे स्मरण करीत राहणे, यांबद्दल येथे काही म्हणावयाचे नाही. त्या स्त्रियांची माया तर निर्विवाद आहे. परंतु अशा ठिकाणी कोणी द्रव्य घेऊन "भूत अमक्याचे, करणी तमक्या भावजयीची" असे सांगू लागला, तर तो आपल्या पंथाचे वस्त्र नेसलेला आहे म्हणून त्याला पहिला प्रश्न माफ होत नाही. उलट तो अधिक कठोरपणे विचारावा लागतो, कारण त्याच्या एका शब्दाने त्या भावजयीचे घर मोडते.

भिक्षुकाकडे असे कुटुंब आले तर त्याने करावयाचे काम साधे आहे. उद्याचे आपल्याला कळत नाही हे त्याने स्पष्ट सांगावे. आजाऱ्याला वैद्याकडे नेण्यास सांगावे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथून लोकल थेट ठाण्यास जाते. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा विनामूल्य मिळते. नामस्मरणाला यातील कशाचीही आडकाठी नाही. औषध चालू असताना नाम घेता येते आणि नाम चालू असताना औषध घेता येते.