संस्कार कोणावर?

मराठीत 'संस्कार' हा शब्द आपण माणसालाही लावतो आणि पदार्थालाही. मुलावर चांगले संस्कार व्हावेत असे आईबाप म्हणतात. चूर्णावर अमुक रसाचा संस्कार केला असे वैद्य म्हणतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार करताना ज्या आठ गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत, त्यांत 'करण' ही एक आहे. करण म्हणजे संस्कार. द्रव्यात मुळात नसलेला गुण त्यात आणणे. 'संयोग' म्हणजे मिसळण आणि 'राशी' म्हणजे प्रमाण ह्या दोन गोष्टी चरकाने त्याच यादीत पण वेगळ्या मोजल्या आहेत. ह्या वेगळेपणात किती शहाणपण आहे, ते मला एका विलायती पेयाच्या निमित्ताने उमगले.

माझा भाचा बोटीवरच्या उपाहारगृहात मद्ये मिसळण्याचे काम करतो. सुट्टीवर आला असता त्याने आपली विद्या मला करून दाखवली. साखर आणि पाणी समभाग घेऊन त्यात त्याने दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि एक चक्रीफूल टाकले, उकळी आणली, आणि भांडे झाकून अर्धा तास बाजूला ठेवले. मग अननसाच्या बोटभर जाडीच्या चकत्या निखाऱ्यावरच्या जाळीवर मांडल्या. फळातले पाणी चरचरत आटले, कडा तपकिरी झाल्या, साखर जळण्याच्या किंचित अलीकडे आली, आणि स्वयंपाकघर अशा वासाने भरले की शेजारच्या घरातून विचारणा व्हावी. एक तुकडा पेल्याच्या तळाशी चेचला. त्यावर चमचाभर पाक, कडू अर्काचे दोन थेंब, बर्फाचा मोठा खडा, आणि मापाने ६० मिलिलिटर व्हिस्की. "मामा," तो म्हणाला, "ह्यात व्हिस्की सगळ्यांत शेवटी येते. काम सारे तिच्याआधीच होऊन गेलेले असते."

फळ भाजून मद्यात घालण्याची ही रीत नवी नाही. जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली मद्ये मिसळण्यावर पुस्तक छापले. त्यात 'ॲपल टॉडी' आहे: भाजलेले अर्धे सफरचंद, साखर, सफरचंदाची ब्रँडी, उकळते पाणी आणि वरून किसलेले जायफळ. ह्यातला 'टॉडी' हा शब्द आपल्याकडचा आहे. ताडाच्या झाडावरून उतरलेली ताडी इंग्रजांच्या तोंडी टॉडी झाली. पुढे स्कॉटलंडात ते नाव गरम पाणी घातलेल्या व्हिस्कीला मिळाले, आणि अमेरिकेतही ते रुळले. जायफळ, लवंग, दालचिनी ह्या वस्तूही पूर्वेकडूनच गेलेल्या. झाडाखाली मडक्यातून प्यायची वस्तू आपले नाव मागे ठेवून सातासमुद्रापार नटूनथटून बसली, असे म्हणायला हरकत नाही.

ह्या नटण्याला मी नावे ठेवीत नाही. त्यात खरी कला आहे. अमेरिकेतील बर्बन व्हिस्की निम्म्याहून अधिक मक्यापासून करतात आणि ओकच्या, आतून जाळलेल्या कोऱ्या पिपांत मुरवतात. त्या लाकडातून तिच्यात व्हॅनिलासारखा आणि लवंगेसारखा गंध उतरतो. म्हणजे अग्नीचा संस्कार लाकडामार्फत तिच्यावर आधीच झालेला असतो. भाजलेला अननस आणि मसाल्याचा पाक तिला भेटतात ते ओळखीच्या नात्याने. कोणता पदार्थ कोणाचा सोयरा हे जाणण्याला पाककला म्हणतात, आणि ती जाण मद्याच्या बाबतीत एकाएकी हीन ठरते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु संस्काराने काय बदलले आणि काय बदलले नाही, हे विचारलेच पाहिजे. शेकडा ४० तीव्रतेच्या ६० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १९ ग्रॅम मद्यार्क असतो. अननस भाजला म्हणून त्यातला एक ग्रॅमही उणा होत नाही. चव बदलली, राशी तीच राहिली. उलट एक गोष्ट मात्र गेली: घशाला लागणारा चटका. हा चटका शरीराच्या दारावरचा पहारेकरी आहे. साखर, धूर आणि लवंग त्याच्याशी इतके गोड बोलतात की तो दार उघडून बाजूला उभा राहतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टपणे सांगितले. तेव्हा पहारेकऱ्याला भुलवणे ही निव्वळ चवीची बाब राहत नाही.

मी शिक्षक आहे, म्हणून हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. ज्यांच्या घरी शनिवारची मजुरी रविवारी उरत नाही अशी मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांच्या बापाला गाव बेवडा म्हणते. तेच गाव शहरातल्या पाहुण्याच्या हातातला नक्षीदार पेला पाहून त्याला रसिक म्हणते. दोघांच्या पोटात जाणारा मद्यार्क एकच आहे. उद्या त्यांतल्या एखाद्या मुलाने विचारले, "गुरुजी, माझ्या बापाने अननस भाजला असता तर तो चांगला माणूस ठरला असता का?" तर मी काय सांगावे?

दोन सोपी उत्तरे तयार आहेत. एक म्हणते, दारू ती दारू. मसाला घालणे हे ढोंग. दुसरे म्हणते, सुसंस्कृत माणसाचे पिणे वेगळेच. पहिले उत्तर कष्टाला आणि कलेला न्याय देत नाही. दुसरे त्याहून वाईट, कारण ते पैशाला आणि फुरसतीला सद्‌गुण समजते. ज्याला अर्धा तास पाक मुरवायला सवड नाही, त्याच्यापाशी सवड नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातला सुधाकर अडाणी नव्हता, भिकारीही नव्हता; बुद्धिमान वकील होता. विद्येचा संस्कार त्याला वाचवू शकला नाही.

मला वाटते, खूण वेगळ्या ठिकाणी शोधली पाहिजे. भाजलेल्या फळाचा वास, दालचिनीची ऊब, लाकडाचा धूर हे सारे चाखायला जीभ आणि मन जागे असावे लागते. आणि मद्याचा धर्म तर जागेपण कमी करण्याचा. म्हणजे पेल्यातली कला आणि पेल्यातले मद्य परस्परांविरुद्ध काम करीत असतात. पहिला पेला निम्मा होईतो कला जिंकते. तिसऱ्या पेल्यात अननस आहे की भोपळा, हे पिणाऱ्याला सांगता येत नाही. ज्याला खरोखर रस हवा आहे, त्याला थांबावेच लागते. थांबण्याचा उपदेश त्याला बाहेरून करावा लागत नाही. जो थांबत नाही, त्याने अननस इतरांना दाखवण्यासाठी भाजला होता. संस्कार पदार्थावर झाला, माणसावर व्हायचा राहिला.

ह्यातूनच करणाऱ्याचे कर्तव्यही निघते. चटका लपवण्याची कला ज्याच्या हाती आहे, त्याने माप लपवता कामा नये. पाहुण्याला गोड लागेल असे करावे, पण आत किती आहे हे स्वच्छ सांगावे, आणि नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये. जेवणातल्या आग्रहाला आपण प्रेम म्हणतो. मद्यातल्या आग्रहाला दुसरे नाव शोधावे लागेल.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. मी त्याला सांगेन की नाही, अननस भाजल्याने बाप चांगला ठरला नसता, आणि न भाजल्याने वाईटही ठरत नाही. मग त्याला आणि त्या रसिक पाहुण्यालाही एक साधी परीक्षा सांगेन. तीच चकती भाजावी, तोच पाक मुरवावा, तोच बर्फ घालावा, आणि व्हिस्कीच्या जागी थंड पाणी ओतावे. तो पेला हाती घेऊन गप्पा रंगल्या, तर माणूस चवीसाठी आणि सोबतीसाठी आला होता. आणि पेल्यात काहीच उरले नाही असे वाटले, तर तो कशासाठी आला होता हे त्याचे त्याला कळेल. फळ आणि मसाला तर जसेच्या तसे समोर असतील.