संप, सत्ता आणि पाप

राजाज्ञा मोडणे हा ईश्वराविरुद्धचाही अपराध ठरतो काय, हा ख्रिस्ती नीतिशास्त्रातील जुना प्रश्न १९२६ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये ऐरणीवर आला. कोळसा उद्योगाचे सरकारी अनुदान ३० एप्रिलला संपले, घटवलेली मजुरी नाकारणाऱ्या खाणकामगारांवर मालकांनी टाळेबंदी लादली, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी ‘ट्रेड्स युनियन काँग्रेस’ या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेने ३ मेच्या मध्यरात्रीपासून रेल्वे, गोदी, छपाई आदी उद्योगांत सार्वत्रिक संप पुकारला. पंतप्रधान बाल्डविन यांच्या सरकारच्या लेखी मात्र हा मजुरीचा तंटा राहिला नाही. तो राज्यघटनेवरचा हल्ला ठरला.

रविवारी, ९ मे रोजी, वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये इंग्लंडमधील रोमन कॅथलिकांचे धर्मप्रमुख कार्डिनल बोर्न यांनी या भूमिकेला धर्माचे अधिष्ठान दिले. विधिवत स्थापन झालेल्या सत्तेला हे थेट आव्हान असल्याने संप हे ईश्वराच्या आज्ञापालनाविरुद्धचे पाप आहे, असे त्यांनी सांगितले. सत्ता ईश्वरनियुक्त असते, या संत पौलाच्या शिकवणीशी हे सुसंगत होते. त्यात तथ्यही होते, कारण व्यवहार ठप्प करून संसदेला नमवता येऊ लागले, तर ज्यांच्या हाती असे बळ नाही त्यांच्या मताला किंमत उरत नाही. परंतु पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरम नोव्हारम’ या परिपत्रकात, म्हणजे समस्त चर्चला उद्देशून काढलेल्या पत्रात, पोटासाठी नाइलाजाने अपुरी मजुरी पत्करणारा कामगार अन्यायाचा बळी असतो, असे बजावले होते.

अँग्लिकन चर्चचे धर्मप्रमुख, कँटरबरीचे आर्चबिशप डेव्हिडसन यांनी वेगळा मार्ग धरला. संप मागे घ्यावा, सरकारने अनुदान अल्पकाळ चालू ठेवावे आणि मालकांनी नवे मजुरीदर रद्द करावेत, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडाव्यात, असे त्यांचे ७ मेचे आवाहन होते. प्रत्येक पक्षावर सारखेच बंधन घालणारे हे आवाहन बीबीसीने त्या दिवशी नाकारले आणि ११ मेला प्रसारित केले. दुसऱ्याच दिवशी संप मागे घेण्यात आला, आणि एकाकी पडलेले खाणकामगार अखेर कमी मजुरीवर व वाढीव तासांवर कामावर परतले.

या संपातील रेल्वे कामगाराचे स्वतःच्या मजुरीबाबत गाऱ्हाणे नव्हते. दुसऱ्याच्या भाकरीसाठी त्याने स्वतःची भाकरी पणाला लावली होती, आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या ख्रिस्ती आज्ञेशी त्याचे हे कृत्य जुळणारे होते. सरकारवर दडपण आणणारा असा सहानुभूतीचा संप १९२७ च्या कायद्याने बेकायदा ठरवला. राज्याला स्वसंरक्षणार्थ असा कायदा करता येतो. त्यावरून पाप सिद्ध होत नाही. आज्ञापालन हे प्रजेचे ईश्वराप्रती कर्तव्य मानले, तर न्यायाने वागणे हेही सत्तेचे त्याच ईश्वराप्रती कर्तव्य ठरते. पहिल्याच्या भंगाला पाप आणि दुसऱ्याच्या भंगाला निव्वळ आर्थिक धोरण म्हणणाऱ्या उपदेशात धर्माचा निम्माच भाग येतो.