हेतू नव्हता, एवढे पुरे आहे का?



रविवारच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण जगाच्या शांतीसाठी विनवणी करतो. युद्ध थांबावे, एवढेच आपण मागतो. कारण युद्ध थांबले की मरणे थांबते, असे आपण धरून चालतो. या समजुतीला तडा देणारी एक गोष्ट आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनने युक्रेनला रणगाड्यांचे तोफगोळे देण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेनेही तसेच गोळे देऊ केले. ते डिप्लीटेड युरेनियमचे होते.

उसाचा रस काढल्यावर चोथा उरतो, तसा हा युरेनियमचा चोथा. अणुभट्टीसाठी उपयोगी अंश बराचसा काढून घेतल्यावर जे राहते, ते हे. शिशापेक्षा ते सुमारे १.७ पट जड असते, म्हणून त्याचा गोळा पोलाद भेदून जातो, आदळताच पेट घेतो आणि त्याची बारीक धूळ होते. १९९१ च्या आखाती युद्धात असे सुमारे ३०० टन युरेनियम वापरले गेले, तर १९९९ मध्ये कोसोवोत सुमारे १० टन. त्याचे मुख्य किरण अंगाच्या कातडीतून आत शिरत नाहीत. भीती आहे ती धूळ श्वासातून गेली किंवा पाण्यात उतरली तर. मग जड धातू म्हणून ते मूत्रपिंडाला अपाय करते. आणि त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने कोसोवोत तपासणी केली, तेव्हा सगळीकडे पसरलेले प्रदूषण आढळले नाही. बोस्नियात मात्र लढाई संपून सात वर्षे झाल्यावर एका ठिकाणच्या पिण्याच्या पाण्यात ते अल्प प्रमाणात सापडले. संस्थेने पाण्यावर लक्ष ठेवायला सांगितले. म्हणजे 'या गोळ्यांनी इतकी माणसे मेली' असे छातीठोकपणे म्हणता येत नाही आणि 'काही धोका नाही' असेही म्हणता येत नाही. नीतिशास्त्राचा खरा प्रश्न नेमका अशाच जागी उभा राहतो. पुरावा अपुरा असताना धोका कोणी सोसायचा? आणि पुरावा आणायचा तरी कोणी?

सेनापती म्हणेल, आमचा हेतू रणगाडा फोडण्याचा होता. पाच वर्षांनी तेथे खेळणाऱ्या लेकराला अपाय करण्याचा नव्हता. संत थॉमस अक्विनास यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना दाखवून दिले की एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक हेतूतला आणि दुसरा हेतूबाहेरचा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला हा विचार फार नेटका वाटत असे. तो आजही खरा आहे, पण त्याचा आडोसा म्हणून वापर होऊ लागला की आम्ही अस्वस्थ होतो. संत थॉमस यांनी तेथेच अट घातली आहे की बचावापुरतेच बळ वापरावे, जास्त वापरले तर ती कृती योग्य राहत नाही. पुढच्या पिढ्यांच्या विहिरीपर्यंत पोहोचणारे शस्त्र या मापात बसते का, हे वापरणाऱ्याने आधीच दाखवून द्यायला हवे.

मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी एक शेतकऱ्याचा दाखला आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम येतो. बैलाने अवचित कोणाला मारले तर बैलाला शिक्षा आहे, मालकाला नाही. पण तो बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तसे बजावलेले असेल आणि तरी त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मालकही दोषी. पोळ्याला बैल सजवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगायची गरज नाही. बैल कोणाला मारावा, असा मालकाचा हेतू दोन्ही वेळी नव्हताच. दुसऱ्या वेळी त्याला ठाऊक होते, एवढाच फरक. त्याच अध्यायात उघड्या खड्ड्याचाही नियम आहे, खड्डा खणून झाकला नाही तर खणणाऱ्याने भरपाई द्यावी. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात तर नगराला वेढा घातलेल्या सैन्यालाही फळझाडे तोडायला मनाई आहे. लढाई संपल्यावर त्या झाडांची फळे कोणीतरी खाणार आहे, याची जाणीव त्या जुन्या नियमात आहे.

आता यवतमाळकडे वळू. २०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. एरवी फवारा खाली मारायचा, तो वर मारावा लागला आणि औषध तोंडावर, छातीवर उतरले. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकत्र करून मारली जात होती. हवा दमट, अंगात घामाने चिंब सदरा, त्यात चार्जिंगच्या पंपाचा बारीक तुषार. तपासासाठी विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमले गेले आणि त्याने मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस केली.

या औषधाची आणि शस्त्राची नाळ आपल्याला वाटते त्याहून जवळची आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडी मारण्याचे औषध शोधत होता. शोधता शोधता १९३६ मध्ये टॅबून आणि १९३८ मध्ये सरीन हे विषारी वायू त्याच्या हाती लागले. आपल्याकडची मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे त्याच कुळातली. ती शरीरातील त्याच एका द्रव्याचे, कोलिनएस्टरेजचे, काम अडवतात, आणि उताराही एकच, ॲट्रोपिन. २०१३ मध्ये बिहारमधील एका शाळेत मोनोक्रोटोफॉस मिसळलेले मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मरण पावली. बैल मारका आहे, हे यवतमाळच्या आधी चार वर्षे सगळ्या देशाला कळलेले होते.

मग दोष कोणाचा? कंपनी म्हणते, पुड्यातल्या कागदावर सूचना छापल्या आहेत. कृषी केंद्रवाला म्हणतो, शेतकऱ्याने मागितले ते दिले. शेतमालक म्हणतो, मजुराला तोंडाला बांधायला सांगितले होते. मजूर काहीच म्हणत नाही, कारण एक तर तो गेलेला असतो किंवा दुसऱ्या दिवशीची मजुरी त्याला हवी असते. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे असेल. पण इतके निर्दोष हात एकापुढे एक लागतात आणि शेवटी एक माणूस मरतो, हे आम्हाला पटत नाही. आपण पापांगीकार करताना केलेल्या कृत्यांबरोबर न केलेल्या कृत्यांचाही उच्चार करतो, तो उगाच नाही.

'मजुराने स्वतः काळजी का घेतली नाही?' असे पुष्कळ जण विचारतात. विचारणाऱ्याने भर ओल्या उकाड्यात रबरी हातमोजे आणि प्लास्टिकचा डगला घालून पाठीवर वीस किलोचे ओझे घेत एक एकर फिरून पाहावे. काळजी घेता येईल अशी अवस्था करून देणे, हेही कामावर ठेवणाऱ्याचेच काम आहे.

आणि पुराव्याचे ओझे पाहा. विषबाधा झालेल्याच्या रक्ताची तपासणी वेळेत झाली नाही तर कोणत्या औषधाने झाली, हे सिद्ध करणे फार कठीण. ज्याला सिद्ध करायचे तो बेशुद्ध, त्याची बायको दवाखान्याच्या व्हरांड्यात. २०२० मध्ये येथील काही पीडितांनी स्वित्झर्लंडमधील बासेलच्या न्यायालयात दावा केला. ज्या औषधाविषयी दावा होता, ते त्या देशात विकले जात नव्हते. कंपनीने जबाबदारी नाकारली. कोसोवोतही असेच. युद्ध १९९९ मध्ये संपले, पण गोळे कोठे कोठे पडले, त्याची नेमकी ठिकाणे संयुक्त राष्ट्रांच्या हाती २००० मध्ये आली. नकाशा मारणाऱ्याकडे आणि पुरावा मागायचा तो मार खाणाऱ्याकडे! २०१० मध्ये आमसभेने अशी ठिकाणे बाधित देशांना कळवावीत असा ठराव १४८ मतांनी केला, तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी विरोधात मत दिले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात या ओझ्याची बाजू बदलली आहे. गंभीर व भरून न येणाऱ्या हानीची शक्यता दिसत असेल तर निर्विवाद पुराव्याची वाट न पाहता काम थांबवावे किंवा बदलावे, आणि धोका नाही हे ते काम करणाऱ्याने दाखवावे, असे ते सांगतात. कारण दुबळ्यांना पुरावा गोळा करण्याची ताकद नसते.

तोफगोळ्यांविषयी आपण या गावातून प्रार्थनेपलीकडे फार काही करू शकणार नाही, हे आम्ही जाणतो. फवारणीचे मात्र तसे नाही. आपल्यापैकी कोणाचे शेत आहे, कोणी मजुरीला जातो, कोणी औषध विकतही असेल. औषधाचे रिकामे डबे धुऊन पाण्याला वापरणे अजून थांबलेले नाही. पंप विहिरीच्या काठावर धुतला जातो. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: आज पुरुष फवारून जातात आणि उद्या सकाळी निंदणाला त्याच तासांतून बाया उघड्या पायांनी, कडेवर लेकरू घेऊन जातात. काल काय मारले, हे त्यांना कोणी सांगत नाही. फवारणी झाली की शेताच्या धुऱ्यावर काठीला एक लाल फडके बांधावे आणि त्याच सांजी बायांच्या मुकादमाला औषधाचे नाव व किती दिवस आत जायचे नाही ते सांगावे, अशी आमची सूचना आहे. फडके घरातल्या जुन्या लुगड्याचेही चालेल.