झुकलेली इमारत आणि अमानत

सेनगावकडे मातीची भिंत झुकली की तिला टेकू देतात. तिथे झुकणे म्हणजे धोका. महानगरांत ते मुद्दाम घडवले जाते. १९८८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात या विरचनावादी वास्तुकलेचे प्रदर्शन भरले. त्यात बगदादला जन्मलेल्या झाहा हदीदही होत्या. काटकोन, समतोल, मध्य ही गृहीते मोडून पाहायची, अशी ही दृष्टी. मला ती आवडते. प्रश्न विचारणे काही गुन्हा नव्हे.

पण प्रश्न किती खोल जातो? मुंबईच्या अल्टामाउंट रोडवरची २७ मजली अँटिलिया पाहा. तिला या शैलीत कोणी बसवो वा न बसवो, तिचे मजले एकमेकांवरून सरकल्यासारखे दिसतात. तिच्याखालची जमीन करीमभॉय इब्राहिम खोजा यतीमखान्याची होती. ती २००२ मध्ये विकली गेली. ती वक्फ होती का, हा वाद न्यायालयात गेला. तो कायद्याचा भाग झाला. यतीमाच्या मालाजवळ उत्तम हेतूखेरीज जाऊ नये, ही कुरआनची ताकीद आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पैशातून यतीमांचे शिक्षण होईल, हाही उत्तम हेतूच म्हणता येईल. तरी किंमत हाती आली म्हणजे अमानत पाळली गेली का?

खांब तिरपे करणाऱ्या वास्तुविशारदाला हे नकाशात विचारता येत नाही. ते विश्वस्तांच्या बैठकीत, विक्रीच्या ठरावावर सह्या होण्याआधी विचारावे लागते. निजामकाळापासूनच्या मशिदी-दर्ग्यांच्या इनाम जमिनी मराठवाड्यात गावोगावी आहेत, आणि बैठका तिथेही होतात.