वाटीभर पाण्याचे पुण्य

दुष्काळात घरच्या बागेला पाणी घालावे की नाही, हा प्रश्न आपल्यासारख्या पाणी गाळून पिणाऱ्या बायकांना जरा जास्तच टोचतो. पाणी हाच मुळी जीव. रोपही जीव, आणि कुंडीपाशी चोच उघडून बसलेली साळुंकीही जीव. कुणाला आधी द्यायचे?

2015 चा पाऊस तेलंगणात तुटीचा गेला. पुढच्या उन्हाळ्यात इकडे आदिलाबादेत काळ्या जमिनीला भेगा पडल्या. जास्वंद वाळली की फुलांतला मध जातो, सावली जाते, किडे जातात. मग शिंजिराने, बुलबुलाने यायचे कशाला? वानरे मात्र येतात, कढीलिंबाचा कोवळा पाला ओरबाडायला. हाकलावे, तर रानात तरी त्यांना काय उरलेले असते? कवाल व्याघ्र प्रकल्पातही उन्हाळ्यात जनावरांसाठी पाणवठे भरावे लागतात.

शास्त्र एकेंद्रियापेक्षा पंचेंद्रियाची हिंसा मोठी मानते. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना, गाळलेले स्वच्छ पाणी पाखरांच्या परळात. हौसेच्या कुंड्या गेल्या तर जाऊ द्याव्यात.

पण परळ भरला म्हणजे पुण्य लागले, असे मला म्हणवत नाही. आपली बोअर खोल गेली की भोवतालच्या विहिरी आटू लागतात. आधी सगळ्यांच्या वाट्याचे पाणी उपसायचे आणि त्यातले वाटीभर परत ठेवायचे, याला दान कसे म्हणावे? ही परतफेड झाली, तीही अपुरी. परिग्रहाची मर्यादा घेताना आपण साड्या-दागिने मोजतो. बायांनो, मोटरचे बटण दाबतानाही ती मर्यादा आठवायला हवी.